कढईशेजारची परात

वसुबारसेच्या आदल्या दुपारी आमच्या घरी चकल्यांची कढई पेटली, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दारात कुणी आलं म्हणून आई उठली, गॅस मोठाच राहिला. परतली तोवर कढईतून हातभर जाळ उठला होता. मी पाण्याची कळशी उचलली. आईने मला मागे ओढलं, गॅस बंद केला आणि पितळी परात कडेने सरकवत कढईवर झाकली. आग बसली. तासभर तिने परातीला कुणाला हात लावू दिला नाही. "तेला-पाण्याचं वाकडं असतं," एवढंच म्हणाली.

ते वाकडं काय, हे मला फार वर्षांनी अग्निशमन सप्ताहात एका केंद्रावर पाहायला मिळालं. जवानाने लांब काठीला बांधलेला पाण्याचा पेला पेटत्या कढईत कलंडला आणि आगीचा लोळ माणसाच्या कितीतरी वर गेला. तळणीचं तेल १७०–१८० अंशांवर असतं, पेटलेलं तर त्याहून कितीतरी जास्त. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तळाशी जातं आणि तिथे क्षणात वाफ होतं. वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा घेते. पेलाभर पाण्याची तीनशेहून अधिक लिटर वाफ जळतं तेल घेऊन वर उसळते.

तेल मात्र पेटण्याआधी सांगतं. आधी वास बदलतो, मग निळसर धूर येतो. घाण्याचं तेल रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं. चकलीचं तेल शेवेला, शेवेचं चिवड्याला असं वापरत गेलं, की दर वेळी ते आणखी लवकर धूर सोडतं. म्हणून फराळाचा शेवटचा घाणा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो: तेल थकलेलं आणि करणारीही. कढई निम्म्याहून जास्त भरू नये, आणि धूर दिसला की आधी गॅस बंद करावा.

अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो, कारण १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे कितीतरी जवान गेले. त्या जहाजावर स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्र होत्या. फटाक्यांची पिशवी गाद्यांच्या कपाटात ठेवलेली दिसली, की मला ते जहाज आठवतं.

बाकीचं थोडक्यात. पणत्या पडद्यापासून दूर, ताटलीत ठेवाव्यात. एका एक्स्टेंशनवर दुसरं जोडून माळा लावू नयेत. सैल प्लग तापतो आणि फ्यूजला त्याचा पत्ता लागेलच असं नाही. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलावी. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात, दिव्याच्या बटणाला हात लावू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. भाजलं तर टूथपेस्ट नको, वीस मिनिटं नळाचं साधं पाणी.

यंदा पहिला घाणा टाकण्याआधी कढईवर नीट बसेल अशी परात किंवा धातूचं झाकण ओट्यावर, हाताशी काढून ठेवा. आणि अग्निशमन दलाचा १०१ हा क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्या.