प्रस्तरारोहकाची पादनिगा

प्रस्तरारोहण, म्हणजे खडकाळ कडे व सुळके हातापायांच्या आधारे चढणे, करणाऱ्या व्यक्तीने आपली पावले निरोगी व कार्यक्षम राखण्यासाठी घ्यावयाची काळजी. या क्रीडाप्रकारात हातांच्या बळालाच महत्त्व असते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु शरीराचा भार शक्य तितका पायांवर घेणे, हे त्यातील मूलभूत तंत्र होय. पावलात २६ हाडे असतात (७ गुल्फास्थी, ५ प्रपदास्थी व १४ अंगुलास्थी). चालताना भार टाच व चवडा यांवर विभागला जातो, तर चढताना तो बहुधा अंगठा व चवड्याची आतील कड यांवर एकवटतो. आरोहकाच्या पावलांच्या बहुतेक तक्रारी या एकवटलेल्या भारातून आणि त्यासाठी वापरावयाच्या घट्ट बुटांतून उद्‌भवतात.

पादत्राणे : पूर्वी गिर्यारोहक तळाला खिळे ठोकलेले जड बूट वापरीत. इटलीतील व्हीताले ब्रामानी यांनी १९३७ मध्ये खाचा असलेला रबरी तळ प्रचारात आणला. फ्रान्समधील पिएर आलँ (१९०४–२०००) यांनी केवळ खडकावरील चढाईसाठी गुळगुळीत रबरी तळाचा हलका बूट तयार केला. १९८० नंतरच्या दशकात अधिक चिकट रबराचे बूट प्रचारात आले. बुटात पाऊल हलत राहिल्यास लहान कंगोऱ्यावर पकड मिळत नाही. म्हणून असे बूट घट्ट असावे लागतात. मात्र या घट्टपणाला मर्यादा आहे. बोटे बुटाच्या टोकाला टेकावीत, किंचित वाकली तरी चालतील; पण ती एकमेकांवर चढू नयेत व बधिर होऊ नयेत. बधिर पावलाला खडकाचा स्पर्श समजत नसल्याने अतिघट्ट बूट मूळ हेतूलाच बाधक ठरतो. वेदना ही या खेळाची अपरिहार्य किंमत आहे, असे मानून ती वर्षानुवर्षे सोसल्यास अंगठा शेजारच्या बोटाकडे कायमचा वळतो किंवा त्याच्या मुळाचा सांधा ताठर होतो. हाडांतील असा बदल बूट बदलून भरून येत नाही.

दिवसभराच्या हालचालीने पावले किंचित सुजतात, म्हणून बुटाचे माप सायंकाळी घेणे इष्ट असते. कातडी बूट वापराने सैल होतात, कृत्रिम धाग्यांचे त्यामानाने कमी. दोन चढायांच्या मधे बूट काढून बोटे मोकळी करावीत. कड्याच्या पायथ्यापर्यंतच्या चालीसाठी ऐसपैस, जाड तळाचे वेगळे बूट वापरावेत. वाढत्या वयातील मुलांची हाडे पक्की झालेली नसल्याने त्यांना घट्ट बूट देऊ नयेत.

नखे व त्वचा : नखे सरळ रेषेत कापावीत, कोपरे खोलवर कापल्यास नख मांसात रुतते. लांब नखावर बुटाचा दाब पडून त्याखाली रक्त साकळते. घट्टे काही प्रमाणात त्वचेचे रक्षण करतात, म्हणून ते मुळापासून न काढता घासून सपाट करावेत. टाचांच्या भेगांना रात्री मलम लावावे. फोडाची वरची त्वचा ओढून काढू नये. ती जंतुसंसर्गापासून संरक्षण देते. फोड आपोआप फुटल्यास जागा धुऊन निर्जंतुक पट्टी बांधावी.

सह्याद्रीत पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत कड्यापर्यंतची वाट बहुधा ओल्या रानातून व भातखाचरांतून जाते. पावले तासन्‌तास ओली राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. अशा वेळी बूट घालण्यापूर्वी पावले कोरडी करणे, मोज्यांचा सुका जोड जवळ ठेवणे व परतल्यावर बूट वाऱ्यावर सुकविणे आवश्यक ठरते. दुसऱ्याचे बूट वापरल्याने कवकसंसर्ग पसरू शकतो.

इजा : पडल्यामुळे घोटा मुरगळणे ही नेहमी आढळणारी इजा आहे. घोटा दुखावल्यानंतर चार पावलेही टाकता येत नसल्यास हाड मोडल्याची शंका घेऊन क्ष-किरण तपासणी करावी. उंचावरून टाचेवर पडल्यास टाचेच्या हाडाबरोबर पाठीच्या मणक्यासही इजा होण्याचा संभव असतो. म्हणून टाच दुखत असतानाही पाठीची तपासणी टाळू नये. मातीने माखलेली जखम धुऊन धनुर्वातप्रतिबंधक लशीविषयी वैद्यांना विचारावे. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांना बुटाचा दाब जाणवत नाही व लहान जखमही चिघळते. त्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच चढाई करावी आणि प्रत्येक चढाईनंतर पावले डोळ्यांनी तपासावीत.