उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी का उतरते?

मृगाचा दमदार पाऊस झाला की आपल्या काळ्या जमिनीत काही दिवस पाय घालवत नाही. ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा राहतो. मग उघडीप होते, वाफसा येतो, आणि दारव्ह्यापासून वणीपर्यंत सगळ्यांची एकच धांदल उडते. नेमक्या त्या सकाळी किल्ली फिरवावी, तर सेल्फ नुसता 'कट्' करून गप्प बसतो! शेजाऱ्याची पेरणी सुरू होते आणि आपण धक्का मारायला माणसे गोळा करीत हिंडतो.

अशाच एका शेतकऱ्याने मला एकदा गाठले. म्हणाले, "गुरुजी, नवी बॅटरी आणली, तेही बसली. आता का करू जी?" त्यांच्या बोलण्यातच दोषाचा निम्मा पत्ता होता. जुनी उतरते आणि नवीही उतरते, तर दोष बहुधा बॅटरीत नाही. तो दुसरीकडे कुठे तरी आहे. तो शोधण्याआधीच त्यांनी हजारो रुपये घालविले होते.

आपण घरातल्या रांजणाचे उदाहरण घेऊ. सकाळी रांजण रिकामा दिसला, तर कारणे तीनच. एक तर तो पुरता भरलाच नव्हता. नाही तर त्याला चीर आहे. नाही तर रात्री कोणी तरी पाणी काढून नेले. बॅटरीचेही तसेच आहे. तेव्हा तीन प्रश्न, आणि तेही याच क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : बॅटरी पुरती भरते का? यासाठी साधा मल्टिमीटर हवा. इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील तर आल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा जोडण्या तपासाव्यात. काही लोक रोज पाच मिनिटे इंजिन चालवून बंद करतात आणि समजतात, बॅटरी भरली. सेल्फ मारताना जेवढी वीज जाते, ती थोड्या वेळात कशीबशी परत येते; रिकामी बॅटरी भरायला तासन् तास लागतात.

दुसरा प्रश्न : भरलेली बॅटरी वीज धरून ठेवते का? ती चार्जरवर पूर्ण भरावी, दोन्ही वायरी काढून बाजूला ठेवावी, आणि काही तासांनी व्होल्ट मोजावेत. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ किंवा त्याखाली म्हणजे जवळजवळ रिकामी. तीन दिवसांनी पुन्हा मोजावे. एकटी ठेवलेली बॅटरीही खाली आली, तर तीच खराब आहे. एकटी टिकते आणि ट्रॅक्टरवर उतरते, तर ट्रॅक्टरमधले कोणी तरी तिला खात आहे. सिमेंटच्या फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते, असे जुने लोक सांगतात. आजच्या प्लास्टिकच्या खोक्याच्या बॅटरीला ती भीती नाही. मात्र तिच्या माथ्यावर साचलेली ओलसर, आम्लट घाण वीज झिरपू देते. ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावी. पाणी बुचांतून आत जाऊ देऊ नये.

तिसरा प्रश्न : कोण खाते? खुंट्याला बांधलेला बैल काम नसतानाही वैरण खातो. उभ्या ट्रॅक्टरवरही तसे खाणारे असतात : विसरलेला दिवा, अडकलेली रिले, मागून बसविलेला टेप. हिशेब पाहा. ५ वॅटचा एक दिवा १२ व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर घेतो. म्हणजे २४ तासांत जवळजवळ १० अँपिअर-तास. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्मी, आठवड्यात रिकामी!

चोर पकडण्याची युक्ती सोपी आहे. किल्ली बंद करावी. बॅटरीची ऋण, म्हणजे वजा खुणेची वायर सोडवावी. ती वायर आणि ऋण टोक यांच्यामध्ये १२ व्होल्टचा एक छोटा बल्ब जोडावा. बल्ब ठळक पेटला, तर वीज कुठे तरी चालली आहे. आता एकेक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्याच वाटेवर चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही बल्ब पेटलेला राहिला, तर फ्यूजला वगळून थेट बॅटरीला जोडलेल्या वायरी पाहाव्यात. आल्टरनेटरच्या आतला डायोडही कधी कधी असा गळतो. बारीक गळतीने बल्ब पेटत नाही. तिथे बल्बाच्या जागी मीटर अँपिअरवर लावावा. पण मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मुळीच मारू नये, मीटर जळेल. ०.०५ अँपिअर ही गळती क्षुल्लक वाटते. तरी महिन्याला ती ३६ अँपिअर-तास खाते.

त्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर टेप थेट बॅटरीला जोडलेला निघाला. गाणे बंद होते, पण आतले यंत्र जागेच होते. ती वायर किल्लीतून घेतली आणि 'खराब' ठरविलेली नवी बॅटरी भरल्यावर नीट चालू लागली.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवू नये. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने केलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचेच तत्त्व आजही आपल्या ट्रॅक्टरवर आहे. वीज देताना तिच्या पाट्यांवर शिशाचे सल्फेट जमते. लवकर भरली तर ते विरघळते. आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर ते कडक होते, आणि मग चांगली बॅटरीही खरोखर मरते. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हात तर ती आपोआपही जलद उतरते. म्हणून ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल, तर ऋण वायर काढून ठेवावी आणि महिन्याकाठी एकदा बॅटरी भरावी. पाणी कमी झाले तर डिस्टिल्ड पाणीच घालावे. विहिरीचे नाही, आणि आम्लही नाही.

काम करताना काढायची ती ऋण वायर आधी आणि जोडायची ती शेवटी. म्हणजे पान्हा ट्रॅक्टरच्या अंगाला लागून ठिणगी उडत नाही. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ बिडी ओढू नये. आम्ल अंगावर वा डोळ्यांत उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे, आणि डोळ्यांत गेले असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती. हा अँपिअर-तासांचा गुणाकार वर्गात मुलांकडून सोडवून घ्यावा. ते मूल घरी जाऊन वडिलांना विचारील, "बाबा, टेप कुठे जोडला?" दुकानात जाण्याआधी एवढा एक प्रश्न घरोघर विचारला गेला, तरी पुष्कळ पैसा वाचेल, आणि वाफशाचा दिवसही हातचा जाणार नाही.