खिशांतील तालपेटी

दिवाळीच्या सुटींत माझा नातू एक विचित्र वस्तु घेऊन घरीं आला. हाताच्या पंजाएवढी पाटी, वर आवरण नाहीं, आंतलें जोडकाम सारें उघडें. तींतून किणकिणाट सुरू होतांच मीं त्याला ती बंद करावयास फर्माविलें. आज त्याच किणकिणाटाची हकीकत सांगावयास मी श्रोत्यांपुढें बसलों आहें.

स्टॉकहोम येथील टीनेज एंजिनिअरिंग ह्या कारखान्यानें २०१६ सालीं ही ‘पीओ-२० आर्केड’ तालपेटी काढली. तिच्या सोळा कळांवर सोळा मात्रा बसवावयाच्या. मग ठेका आपोआप फिरून फिरून वाजत राहतो. दोन बारीक विद्युत्-घटांवर ती चालते. तिचा आवाज मात्र मुद्दाम जुन्या व्हिडिओ खेळांचा ठेविला आहे.

अशा खेळांचें एक प्रसिद्ध यंत्र म्हणजे फॅमिकॉम. निंटेंडोनें तें १९८३ सालीं जपानांत विकावयास काढलें. त्याच्या पोटांत नादाचे मार्ग अवघे पांच : दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक निव्वळ खरखरीचा आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांचा. सतारीची तार हळुवार वरखालीं हेलावते. चौकोनी लहर म्हणजे दिव्याची कळ भराभर दाबल्यासारखें, चालू, बंद, चालू, बंद. म्हणून तो स्वर टोंकदार लागतो. त्रिकोणी लहर मवाळ. खर्जाचें काम बहुधा तिच्याकडे. पण तिचा आवाज लहानमोठा करण्याची सोयच यंत्रांत नव्हती!

आतां इतक्या तुटपुंज्या सामग्रींत तीन सुरांचा मेळ साधावा कसा? बाजाच्या पेटीवर तीन बोटें एकदम ठेवतां येतात. येथें तेवढे मार्ग मोकळे नसत. तेव्हां रचनाकार एकाच मार्गावरून सा, ग, प हे स्वर इतक्या वेगानें आळीपाळीनें वाजवीत, कीं कानाला ते एकत्र भासावे. सायकलचें चाक जोरानें फिरलें कीं आरे निराळे दिसत नाहींत, तसेंच हें. मला खटकणारा किणकिणाट तो हाच. खेळांत गोळी सुटली तर संगीतांतला एखादा सूर मध्येंच गप्प होई, कारण तिच्या आवाजाला तोच मार्ग लागे.

आजच्या पेटीला एवढी ओढाताण नाहीं. मेळ बदलावयास तिला स्वतंत्र कळ आहे. माझी तक्रार एकच, तिच्या इवल्याशा कर्ण्यांतून खर्ज भरदार निघत नाहीं. नातवाला तें मान्य नाहीं.

भाऊबीजेच्या रात्रीं मीं बाजाची पेटी काढून सा, ग, प एकदम दाबून दाखविले. त्यानें तेच स्वर त्या सोळा कळांवर एकेक करून बसविले, आणि गति वाढवीत नेली.