फ्लाइट १९ : एक बदललेला निष्कर्ष

१९४७ साली अमेरिकी नौदलाने दोन वर्षांपूर्वीच्या एका अपघाताच्या अहवालातला निष्कर्ष बदलला. ‘फ्लाइट १९’ या विमानतुकडीचे प्रमुख लेफ्टनंट चार्ल्स टेलर यांच्यावरचा ठपका पुसला आणि त्याजागी कारण अज्ञात असल्याची नोंद केली. बर्म्युडा त्रिकोणाच्या ज्या गूढकथा आपण मराठीतही चवीने वाचत आलो, त्यांचा पाया या नोंदीवर उभा आहे.

५ डिसेंबर १९४५. जपानने शरणागती पत्करून ४ महिनेही झाले नव्हते. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल तळावरून दुपारी २.१० वाजता ५ अ‍ॅव्हेंजर विमाने सरावासाठी उडाली. आत १४ जण होते. बहामा बेटांच्या दिशेने पूर्वेला जायचे, वाटेत बॉम्बफेकीचा सराव करायचा, मग उत्तरेला आणि शेवटी नैर्ऋत्येला वळून परतायचे. टेलर यांच्या गाठीशी सुमारे २,५०० तासांचे उड्डाण होते, शिकाऊ वैमानिकांकडे प्रत्येकी ३०० च्या आसपास. पण टेलर या तळावर नवे होते. आधी मायामीला असल्याने फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळची ‘कीज’ ही बेटांची माळ त्यांच्या नजरेत बसलेली होती.

३.४० च्या सुमारास तळाजवळ उडत असलेले दुसरे प्रशिक्षक, लेफ्टनंट रॉबर्ट कॉक्स, यांच्या कानी या तुकडीचे बोलणे पडले. दोन्ही होकायंत्रे बिघडली आहेत, खाली तुटक तुटक जमीन दिसते आहे, मी नक्की कीजवर आहे, असे टेलर सांगत होते. कीजवर असाल तर सूर्य डाव्या पंखावर ठेवा आणि किनाऱ्याने वर या, असे कॉक्स यांनी सुचवले. सल्ला बिनचूक होता. कीजवरून उत्तरेला गेले की मायामी येते. बहामावरून गेले की नुसता अटलांटिक! टेलर यांना गाठायला कॉक्स दक्षिणेकडे निघाले, तसा रेडिओवरचा आवाज जवळ येण्याऐवजी क्षीण होत गेला. साऱ्या प्रकरणात मला हाच क्षण सर्वांत जीवघेणा वाटतो. विमाने दक्षिणेला नव्हतीच, हे तो विरत जाणारा आवाजच सांगत होता.

पश्चिमेला वळलो तर घरी पोचू, असे शिकाऊंपैकी कुणीतरी बोललेलेही ऐकू आले. पण तुकडी प्रमुखांच्या मागेच राहिली. आपत्कालीन वाहिनीवर या, असे तळावरून विनवले जात होते. वाहिनी बदलताना एखादे विमान हातचे जाईल, या भीतीने टेलर यांनी ते टाळले. याला मी हट्ट म्हणणार नाही, मुलांना सोडायचे नाही एवढेच त्यांच्या मनात होते. ५.५० ला किनाऱ्यावरच्या केंद्रांनी रेडिओच्या लहरींवरून त्यांचा ठावठिकाणा काढला : बहामाच्या उत्तरेला, फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून बरेच दूर. ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. एकाचे इंधन १० गॅलनवर आले की सगळे मिळून पाण्यात उतरू, असे टेलर यांनी सांगितले. अंधार पडला होता, समुद्र खवळलेला होता. सातनंतर काही ऐकू आले नाही.

शोधासाठी ७.२७ ला उडालेले मरिनर विमानही १३ जणांसह गेले. ७.५० ला ‘गेन्स मिल्स’ या जहाजावरून ज्वाळा दिसल्या, मग पाण्यावर तेलाचा तवंग. या जातीच्या विमानांत इंधनाची वाफ साचे, एक ठिणगी पुरेशी होती.

पाच दिवसांच्या शोधात ना माणसे सापडली, ना विमाने. मग दोष कशाच्या आधारावर, असा टेलर यांच्या आईचा सवाल होता आणि तो रास्तच होता. नौदलाने तो मान्य केला. पुढे १९६४ साली व्हिन्सेंट गॅडिस यांनी ‘आर्गसी’ मासिकातल्या लेखात बर्म्युडा त्रिकोण हे नाव दिले, तर १९७४ च्या चार्ल्स बर्लिट्झ यांच्या पुस्तकाने ते जगभर नेले. लॅरी कुशे या ग्रंथपालाने वर्षभरातच जुनी वर्तमानपत्रे आणि सरकारी कागद चाळून त्यातल्या कितीतरी गोष्टी खोट्या ठरवल्या. पण खप गूढाचाच होत राहिला.

१९९१ मध्ये ‘डीप सी’ या जहाजाला स्पॅनिश खजिना शोधताना फोर्ट लॉडरडेलसमोर समुद्राच्या तळाशी ५ अ‍ॅव्हेंजर सापडली आणि मोठा गाजावाजा झाला. क्रमांक तपासले तेव्हा ती फ्लाइट १९ ची नसल्याचे दिसले. ती वेगवेगळ्या दिवशी बुडालेली सरावाची विमाने होती. फोर्ट लॉडरडेलच्या तळाने युद्धकाळात अशी कितीतरी गमावली होती.