आंतिओकियाची घराणी आणि डॉक्टर लोपेरा

कोलंबियातल्या मेदेयिन शहराच्या उत्तरेला अँडीजचे डोंगर चढत गेलं, की यारुमाल, अंगोस्तुरा, बेल्मिरा, सांता रोसा दे ओसोस ही गावं लागतात. थंड हवा, गाईगुरं, पिढ्यान्‌पिढ्या आपसांत सोयरिकी. इथल्या काही घराण्यांत चाळिशी ओलांडलेली धडधाकट माणसं विसरायला लागत. आधी हातातलं काम, मग घरची वाट, मग पोटच्या पोरांची नावं. पन्नाशीच्या आसपास माणूस पुरता परस्वाधीन होई. गावात या दुखण्याला ‘ला बोबेरा’ म्हणत, म्हणजे खुळेपणा. कुणी म्हणे करणी झाली, कुणी म्हणे झपाटलेल्या झाडाला हात लागला. बाप गेला तसाच मुलगा जाणार, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

फ्रान्सिस्को लोपेरा याच मुलखातले. १९५१ मध्ये सांता रोसा दे ओसोसला जन्म, पुढे मेदेयिनच्या आंतिओकिया विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण. १९८० च्या दशकात मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून घडत असताना त्यांच्यापुढे बेल्मिराचा एक रुग्ण आला. वय पन्नाशीच्या आतलं आणि स्मृती पार ढासळलेली. घरच्यांकडे चौकशी केली तर वडील आणि आजोबाही असेच गेलेले. इतक्या लहान वयातला स्मृतिभ्रंश, आणि तोही एकाच रक्तात! १९८७ मध्ये लोपेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुटुंबाची नोंद कोलंबियाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापली. एरवी असा निबंध छापून माणूस पुढच्या कामाला लागतो. लोपेरा पुढची जवळजवळ चाळीस वर्षं याच कामात राहिले.

पहिलं काम होतं वंशावळीचं. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या जुन्या नोंदी चाळायच्या, आडनावं जुळवायची आणि मग खेचरावर किंवा पायी एकेक घर गाठायचं. लुसिआ माद्रिगाल या परिचारिकेनं या कामात वर्षानुवर्षं घालवली. हा काळ कोलंबियाच्या सर्वांत रक्तरंजित काळांपैकी एक होता. शहरात अमली पदार्थांच्या टोळ्या, डोंगरात गनिमी गट आणि निमलष्करी टोळ्या. रक्ताचे नमुने गोळा करायला गेलेल्या लुसिआबाईंना एकदा बंडखोरांनी ओलीस धरलं. तरी नमुने येतच राहिले. प्रयोगशाळेतल्या शोधांचा इतिहास लिहिताना अशी नावं तळटीपेत जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

१९९२ मध्ये बोगोटातल्या एका व्याख्यानाच्या निमित्तानं अमेरिकेतले संशोधक केनेथ कोसिक यांची लोपेरांशी गाठ पडली आणि नमुने परदेशी प्रयोगशाळांपर्यंत पोचले. १९९० च्या दशकाच्या मध्याला उत्तर सापडलं. चौदाव्या गुणसूत्रावरच्या प्रेसेनिलिन-१ या जनुकात एका अक्षराची चूक होती. त्यामुळे तयार होणाऱ्या प्रथिनात २८० व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी अ‍ॅलानिन बसतं. प्रेसेनिलिन हा पेशीतल्या एका कात्रीचा भाग. ती लांबलचक प्रथिनाचे तुकडे करते. कात्री बिघडली की अमायलॉइडचे चिकट तुकडे वाढतात, मेंदूत त्यांची पुटं साठतात, मागोमाग टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुंडाळ्या पेशींमध्ये होतात आणि पेशी मरतात. दोष आई किंवा बाप, कुणा एकाकडून आला तरी पुरतो. म्हणजे दर अपत्याला निम्मी शक्यता. पुढे मोजदाद झाली तेव्हा हे विस्तारित कुटुंब सुमारे ६,००० जणांचं निघालं आणि त्यात दोष वाहणारे सुमारे १,२००. त्यांच्यात सौम्य विस्मरण साधारण ४४ व्या वर्षी सुरू होतं आणि स्मृतिभ्रंश ४९ व्या. हा अल्झायमरच. जगातल्या अल्झायमरच्या रुग्णांत असा एका जनुकामुळे येणारा आजार शंभरात एकालाही नसतो. पण कुणाला होणार आणि साधारण केव्हा, हे आधीच सांगता येईल असा एवढा मोठा समूह दुसरीकडे कुठे नाही. म्हणूनच आजार सुरू होण्याआधीच औषध देऊन पाहण्याची कल्पना इथे शक्य झाली.

ती चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली. क्रेनेझुमॅब हे अमायलॉइडला चिकटणारं प्रतिपिंड, आणि स्मृती शाबूत असलेले २५२ जण. यातली एक गोष्ट मला औषधापेक्षाही महत्त्वाची वाटते. यातले बहुतेक जण आपल्यात दोष आहे की नाही हे जाणत नव्हते. फक्त दोष असलेल्यांनाच चाचणीत घेतलं असतं, तर निवड होताच तरुण माणसाला आपलं भविष्य कळून चुकलं असतं. म्हणून १६९ वाहकांच्या जोडीला ८३ निरोगी नातलगही घेतले गेले. औषधाचा अंश नसलेली इंजेक्शनं ते वर्षानुवर्षं टोचून घेत राहिले, भावाबहिणींचं गुपित गुपित राहावं म्हणून. शास्त्राच्या नावाखाली गरिबांच्या देहाचा वापर कसा झाला, याच्या कथा आपण पुष्कळ वाचल्या आहेत. इथे निदान या प्रश्नाचा विचार आधी झाला.

जून २०२२ मध्ये निकाल आला. औषधानं आजार ठळकपणे लांबला नाही. आकडे किंचित अनुकूल बाजूला झुकलेले होते, पण त्यावर काही उभं करावं इतके नव्हते. त्या घरांत ही बातमी कशी पोचली असेल, याचा विचार मनातून जात नाही.

आशा मात्र दुसऱ्याच वाटेनं आली. याच कुटुंबातल्या एका बाईंमध्ये दोष होता, तरी चाळिशी गेली, पन्नाशी, साठी गेली आणि त्या ठीक होत्या. सौम्य विस्मरण दिसलं ते थेट सत्तरीत. बोस्टनमध्ये याकील किरोस आणि होसेफ आर्बोलेदा-वेलास्केस या कोलंबियन संशोधकांनी तपासणी केली तेव्हा पेट स्कॅनमध्ये मेंदू अमायलॉइडनं गच्च भरलेला दिसला, टाऊ मात्र फारच थोडं. त्यांच्याकडे एपीओई या जनुकाच्या ‘क्राइस्टचर्च’ प्रकाराच्या दोन प्रती होत्या. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी त्या गेल्या आणि त्यांचा मेंदू संशोधनासाठी दिला गेला. २०२३ मध्ये आणखी एका वाहकाचा शोध छापून आला. रीलिन या जनुकातल्या दुर्मीळ बदलामुळे हे गृहस्थ ६७ व्या वर्षापर्यंत शाबूत राहिले होते. मग २०२४ चा अभ्यास: क्राइस्टचर्चची एकच प्रत असलेले २७ जण सापडले आणि त्यांच्यातही सौम्य विस्मरण तुलनेसाठी घेतलेल्या इतर वाहकांच्या ४७ ऐवजी ५२ व्या वर्षी आलं. पाच वर्षं. मुलीचं लग्न, नातवंडाचा जन्म, स्वतःच्या हातानं जेवणं, एवढं सगळं पाच वर्षांत मावतं. अमायलॉइड असूनही मेंदू तग धरू शकतो, हे या माणसांनी दाखवून दिलं. हा बचाव औषधातून उभा करता येईल का, याचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत.

हे सगळं शक्य झालं ते मेदेयिनच्या मेंदू-पेढीमुळे. घरात माणूस गेला की नातेवाईक लोपेरांच्या गटाला कळवतात आणि काही तासांत मेंदू काढून ठेवला जातो. मगच अंत्यविधी. ज्या घरात दुखण्याचं नाव लाजेनं घेतलं जाई, तिथून हे दान येतं. लोपेरांनी या लोकांच्या बोलीत बोलून, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, वर्षानुवर्षं परत परत जाऊन हा विश्वास मिळवला होता. २०२४ मध्ये त्यांना मेंदूविकार संशोधनातला पोटॅमकिन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला, ७३ व्या वर्षी ते गेले.

याच घराण्यांच्या रक्ताचा एक धागा आता सगळ्या जगात पोचला आहे. पी-टाऊ२१७ हे प्रथिन वाहकांच्या रक्तात साधारण पंचविशीपासून, म्हणजे विस्मरण दिसण्याच्या सुमारे वीस वर्षं आधी वाढू लागतं, हे २०२० मध्ये या कुटुंबाच्या नमुन्यांतूनही दिसून आलं. मे २०२५ मध्ये अमेरिकेनं या प्रथिनावर आधारलेल्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. अमायलॉइड उपसून आजार थोडा मंदावणारी लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही औषधंही तिथे विक्रीला आली आहेत, पण त्यांचा खर्च वर्षाला हजारो डॉलरांत जातो. यारुमालमध्ये मात्र आजही सांभाळायला घरातली बाईच असते. आधी नवऱ्याला सांभाळते, मग मुलाला. ज्यांच्या रक्तावर आणि मेंदूवर हे ज्ञान उभं राहिलं, त्या घरांना यापुढचं प्रत्येक औषध फुकट आणि सगळ्यांच्या आधी मिळायला हवं, आणि ते चाचण्यांच्या करारातच लिहून घेतलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.