भरती चढण्याआधी: वाळूत रुतलेली गाडी

अलिबाग, नागाव, काशीद, दिवेआगर. ओहोटीला पुळण लांबवर उघडी पडते आणि कडक दिसते. ओल्या थराखाली मात्र वाळू भुसभुशीत. चाक जागेवर फिरले की खड्डा खोल होतो, गाडी बुडावर टेकते. फोर-व्हील ड्राइव्हही मग हलत नाही.

भरतीचा हिशेब
दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना आडाखा: तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. अष्टमीला ६, द्वादशीला ९ च्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. भरतीत तीच वाट पाण्याखाली.

सोबत काय हवे
फावडे, हवेचा गेज, पंप, दोन मजबूत फळ्या, टो-रोप, शॅकल. दुसरी गाडी असणे सर्वांत मोलाचे.

रुतल्यावर
• ॲक्सिलरेटर लगेच सोडावा.
• टायरमधील हवा १५ ते २० पीएसआयपर्यंत उतरवावी. रस्त्यावर येताच पुन्हा भरावी.
• चाकांसमोरची व बुडाखालची वाळू उपसून फळ्या सरकवाव्यात.
• दोर टो-हुकलाच बांधावा, बंपरला नाही. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये.
• इंजिनात पाणी गेल्याची शंका असल्यास स्टार्टर मारू नये.
• पाणी जवळ आले तर माणसे आधी बाहेर. मदतीसाठी ११२.

आधी चौकशी
अनेक किनाऱ्यांवर वाहन नेण्यास मनाई आहे. दिवेआगर, हरिहरेश्वर परिसरात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात.