कपाशीचे औषध परसातल्या भाजीवर नको

वऱ्हाडात कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही, ‘औषध’ म्हणतात. औषध आणले, औषध मारले, औषध उरले. मूर्तिजापूर तालुक्यात शेतात कपाशी, सोयाबीन, तूर आणि घरामागे चार वांगी, दोन ओळी भेंडी, कुंपणावर दोडका असे चित्र अजून पुष्कळ घरी दिसते. कपाशीची फवारणी आटोपली की डब्याच्या तळाशी थोडे औषध उरते. त्याच सुमारास परसातल्या वांग्याला अळी लागलेली असते. मग त्याच पंपाने तेच औषध वांग्यावर मारले जाते आणि दोन दिवसांत ती वांगी भाजीत पडतात. बाजारची भाजी फवारलेली असते म्हणून घरी भाजी लावायची आणि तिच्यावर बाजारच्यापेक्षाही जहाल फवारणी करायची, याला काय म्हणावे?

कपाशी कुणी तोडून लगेच शिजवत नाही, भाजी शिजवतो. म्हणूनच भाजीवर कोणते औषध चालते आणि फवारल्यानंतर किती दिवस तोडायची नाही, याचे नियम वेगळे आहेत. मोनोक्रोटोफॉस हे कपाशीवर वर्षानुवर्षे वापरले गेलेले औषध. भाजीपाल्यावर त्याच्या वापराला २००५ पासून देशात बंदी आहे. ते आंतरप्रवाही आहे, म्हणजे पानावर पडले की झाडाच्या रसात उतरते आणि फळापर्यंत पोचते. भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून, चोळून धुतल्याने वरचे काही अंश निघतात, आत गेलेले निघत नाही.

शरीरात हे विष मज्जातंतूंवर काम करते. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला की तो पुसून टाकणारे एक विकर आपल्या शरीरात असते. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली विषे त्या विकरालाच निकामी करतात. निरोप पुसला जात नाही, स्नायू आणि ग्रंथी थांबायचे नाव घेत नाहीत. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, उलट्या-जुलाब होतात, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, छाती कफाने भरते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. ॲट्रोपिनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर माणूस वाचू शकतो. अशा रुग्णाला दवाखान्यात आणताना औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत आणली, तर उपचाराची दिशा लवकर ठरते. मीठ-पाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नये.

२०१७ च्या खरीप हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्याआधी जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या माध्यान्ह भोजनातून २३ मुले गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले होते. कपाशीचे औषध स्वयंपाकघराच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, आणि परस हा स्वयंपाकघराचाच भाग आहे. औषधाचा रिकामा डबा धुऊन झाडांना पाणी घालायला वापरणे हेही त्यातच आले.

मग फवारणीशिवाय मूर्तिजापुरात भाजी होईल का? होईल, पण इथे खरी अडचण अळीपेक्षा पाण्याची आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे आणि मूर्तिजापूर तालुक्यातली अनेक गावे त्यात येतात. काकडीच्या फोडींवर मीठ भुरभुरले की पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक आहे. बोअरचे खारे पाणी रोज घातले की मुळांची गत तशीच होते. माती ओली असते, पण झाडाला ते पाणी ओढता येत नाही. पानांच्या कडा करपतात, कुंडीवर पांढरी पापडी धरते आणि घरची बाई म्हणते, “आमच्याकडे काही लागतच नाही.”

त्यातून काळी माती. पाण्यातले सोडियम या मातीचे कण सुटे करते, ते बारीक छिद्रांत बसतात आणि जमीन चोपण होते. वर पाणी साचते, खाली कोरडे राहते. कुजलेले शेणखत आणि जिप्सम यांनी ती हळूहळू मोकळी होते. जिप्सम किती घालायचे हे मात्र माती तपासूनच ठरवावे.

आरओच्या बाबतीत तर सर्रास चूक होते. खारपाणपट्ट्यात पुष्कळ घरी आता आरओ यंत्र आहे. त्याच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी वाया जाते, ते फेकवत नाही म्हणून कुंड्यांना घातले जाते. पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात, म्हणजे ते मूळ बोअरच्या पाण्याहून खारे असते. त्याने फरशी पुसावी, संडासात टाकावे. कपड्यांच्या साबणाचे पाणीही परसात नको, त्यात सोडियम असते. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी खुशाल घालावे, फक्त ते धुणे गोड्या पाण्यातले असावे.

सर्वांत चांगले पाणी छपरावर पडते. ५०० चौरस फुटांच्या छतावर वर्षात ७५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी सुमारे २८,००० लिटर पाणी मिळते. एवढे साठवायला जागा कुणाकडे आहे? पण परतीच्या पावसात २,००० लिटरची एक टाकी भरून ठेवली, तर रोज २० लिटरप्रमाणे १०० दिवस पाणी पुरते. साधारण ५ चौरस मीटरच्या वाफ्यावर तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार अंथरले, तर हिवाळ्यात तेवढ्यावर मेथी, पालक, सांभार निघतो. टाकीला झाकण किंवा जाळी हवीच, नाहीतर भाजीआधी डेंग्यूचे डास तयार होतील. पावसाळ्यात कुंड्या ओसरीवर न ठेवता उघड्यावर ठेवाव्यात, म्हणजे वर्षभराचे क्षार धुऊन निघतात.

खारे पाणी थोडेफार द्यावेच लागणार असेल, तर पीक त्याप्रमाणे निवडावे. गवार खारेपणा चांगला सोसते. चवळी आणि बीटही बऱ्यापैकी तग धरतात. घोळ तर बांधावर आपोआप उगवते आणि तिला खाऱ्या जमिनीचे काही वाटत नाही. घेवडा, गाजर, कांदा आणि मुळा मात्र लगेच मान टाकतात. ते गोड्या पाण्यावरच लावावेत.

उन्हाळ्यात हट्ट करू नये. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा टमाट्याला फूल आले तरी फळ धरत नाही, कारण परागच निकामी होतात. एप्रिल-मे महिन्यांत हिरव्या जाळीखाली थोडा पुदिना, कढीपत्ता, शेवगा जगवला तरी पुष्कळ झाले. जूनमध्ये पुन्हा सुरुवात करता येते.

किडीसाठी निंबोळी अर्क पुरतो. ५० ग्रॅम निंबोळीच्या गराचा भरडा १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारावा. मावा तर पाण्याच्या जोरदार धारेनेही जातो. वांग्याचा अळी लागलेला शेंडा खुडून नष्ट करणे हा उपाय जुना आहे, पण कामाचा आहे.

सेंद्रिय म्हटले की निरुपद्रवी, ही समजूत मात्र धोक्याची आहे. दशपर्णी अर्कात कण्हेर, रुई, एरंड यांची पाने पडतात. कण्हेर आणि रुई यांतली द्रव्ये थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. हा अर्क थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून खिडकीत ठेवणे म्हणजे मुलाच्या हाती विष देणे. कडुनिंबाचे तेलही तान्ह्या बाळाला पाजू नये. त्याने झटके येऊन बाळे गंभीर झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत.

दुसरा प्रश्न शेणाचा. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांमुळे जीवामृत देशभर पोचले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जीवामृताने उत्पादन किती वाढते यावर शेतीशास्त्रज्ञांत एकमत नाही, तो वाद त्यांनी मिटवावा. आरोग्याच्या दृष्टीने एवढेच पाहायचे, की त्यात ताजे शेण असते आणि ताज्या शेणात जुलाबाचे जंतू असू शकतात. ते मातीत घालावे, कच्च्या खायच्या सांभार-पालकावर फवारू नये. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत मातीला टेकणाऱ्या पिकासाठी कच्चे शेणखत आणि काढणी यांत १२० दिवसांचे अंतर सांगितले आहे. आपल्याकडे उकिरड्यात पूर्ण कुजलेले, वास गेलेले शेणखत वापरले की काम भागते. परसात अनवाणी वावरू नये, कुदळ लागली तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

या खटाटोपातून ताटात काय येते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के बालके रक्तक्षयाची आढळली. शेवग्याचा पाला, मेथी, चवळीची पाने यांत लोह असते, पण ते शरीरात कमी शोषले जाते. त्यावर लिंबू पिळले तर जास्त शोषले जाते, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी होते. ज्या गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत तिने पालेभाजी खावी आणि गोळ्याही घ्याव्यात. पपई आणि लाल भोपळ्यातून अ जीवनसत्त्व मिळते, भोपळ्याच्या भाजीला थोडे तेल हवे.

मूतखडा असलेल्यांनी घोळ आणि पालक उकळून, पाणी फेकून, बेताने खावा, कारण या भाज्यांत ऑक्झलेट बरेच असते. मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्यांना पालेभाजीतले पोटॅशियमही जड जाऊ शकते. त्यांनी घरची, बिनफवारणीची भाजी आहे म्हणून वाटेल तेवढी न खाता प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.